बत्तीस मुक्कामांचा नकाशा

२९ जून १९९८, सोमवार

कॉलेजात आज संगणक आला. टेम्पोतून उतरवताना प्राचार्य मानसिंगराव स्वतः उभे होते. खोक्यावर पाऊस पडू नये म्हणून शिपायानं त्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजला. मागच्या वर्षी इतिहास विभागाला नकाशे हवेत म्हणून मी तीन अर्ज दिले होते, तेव्हा कुणी छत्री धरली नव्हती.

संगणकासोबत मोठा टीव्ही आहे. पडद्यावरचं सगळं टीव्हीत दिसणार आणि वर्गाला एकदम दाखवता येणार. मानसिंगराव म्हणाले, "दादासाहेब, आता इतिहाससुद्धा यावर शिकवायचा." मी म्हणालो, "जरूर." नव्याचे नऊ दिवस, ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

११ जुलै, शनिवार

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक मुलगी आली आहे. स्वरूपा नाव, बारामतीजवळच्या पिंपळीची, घरी ऊस. वय सव्वीस. पुण्यात एम.ए. करताना ती संगणक शिकली म्हणे. मानसिंगरावांनी संगणक खोलीची किल्ली तिच्याकडे दिली. एकवीस वर्षं इथं नोकरी करूनही विभागाच्या कपाटाची किल्ली मला शिपायाकडे मागावी लागते.

तिनं माझ्या पाया पडून आशीर्वाद मागितला. दिला. मनापासून दिला असं मात्र इथं लिहिणार नाही, ही वही माझी आहे.

४ ऑगस्ट, मंगळवार

आज एस.वाय.बी.ए.च्या माझ्या तासाला चौदा मुलं. पुढचा तास तिचा, त्याला साठच्या वर. दाराबाहेरसुद्धा उभी होती.

मी व्हरांड्यातून जाता जाता पाहिलं. मुद्दाम नव्हे, रस्ताच तो. टीव्हीवर नकाशा होता. पुणे जिल्ह्याचा दक्षिण भाग, तिथून घाट, खाली कोकण. त्यावर लाल ठिपके. ठिपक्यावर बाण नेऊन दाबलं की चित्र येतं, आणि आवाजही येतो म्हणे. आमच्याच भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात कुठल्या वाटेनं जायचे, कुठं थांबायचे, असा काहीतरी तिचा 'प्रकल्प' आहे. आवाज अजून भरायचे आहेत. तालुक्यातलेच एक आजोबा तिला सापडलेत, ते सगळं सांगणार आहेत.

मेंढरं! आता कॉलेजात हे शिकवायचं. आमच्या घरी मेंढरं होती. वर्षातले आठ महिने आबा, आई आणि धाकटा हिंदुराव त्यांच्या मागं. मला सहाव्या वर्षी शाळेसाठी निमगाव केतकीला मावशीकडं टाकलं. हिंदुराव घोड्यावर बसून कोकण बघून यायचा आणि मी पाढे म्हणायचो. त्यात इतिहास बितिहास काही नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. कॉलेजात यातलं कुणाला काही ठाऊक नाही, आणि मी सांगायलाही गेलो नाही.

घरी हे बोललो तर विजयमाला म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय. ओवा देऊ का?" बायकोनं विनोद करू नये असा कायदा हवा.

६ सप्टेंबर, रविवार

आज न कळवता शेळगावला गेलो. नाहीतर मी महिन्यातून एकदा, शनिवारी जातो. आबा हिंदुरावाकडे राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण काठी नुसती हातात धरायला.

पाहतो तर आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून ओट्यावर बसलेले. शेजारी दोन खुर्च्या, एकीवर चादर. मी विचारलं, "कोण येणार आहे का?"

"कोन येतंय? कोन न्हाय."

"मग फेटा?"

"थंडी वाजती म्हनून."

सप्टेंबरात! चहा होतो न होतो तोच म्हणाले, "साडेदहाची यष्टी गाठ. मागनं गर्दी व्हती." आणि वर, "दादासो, शनवारचाच येत जा. आयतवारी नगं."

स्वतःच्या बापाच्या घरी यायला मला वार नेमून दिला. हे हिंदुरावाचंच शिकवणं. आबांचा जीव पहिल्यापासून त्याच्यावर. जवळ ठेवला तो गोड, लांब ठेवला तो पाहुणा. रागारागानं स्टँडवर आलो तर समोरच्या गाडीतून स्वरूपा उतरली. खांद्याला पिशवी, त्यात टेपरेकॉर्डर. मला बघून दचकली. "सर, तुम्ही इथं?" मी म्हणालो, "माझं गाव आहे." ती म्हणाली, "हो, ते... माझीही ओळखीची मंडळी आहेत इथं." असेल एखादी आत्या-मावशी. आधीच मूड गेला होता, मी जास्त चौकशी केली नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आज देवानं ऐकलं. तिच्या तासाला वीज गेली. त्या यंत्राखालचा बॅटरीचा डबा दहा मिनिटं केकाटला आणि गप्प झाला. मी स्टाफरूममध्ये पेपर वाचत होतो. आता बाईंचा इतिहास अंधारात, असं मनात म्हटलं आणि चहा सांगितला.

वीस मिनिटं झाली तरी मुलं बाहेर येईनात. शेवटी मीच उठलो. खोलीत एक मुलगा उभा राहून सांगत होता, "आमच्या आज्याची मेंढरं लोक शेतात बसवून घ्यायचे. राती लेंडीखत पडायचं, त्याच्या बदल्यात धान्य मिळायचं." मग एक मुलगी उठली. मग आणखी एक. माझ्या तासाला हजेरीपलीकडे ज्यांचा आवाज कधी ऐकला नाही, ती पोरं. बाई खाली बाकावर बसून लिहून घेत होती.

यंत्रावर जळत होतो तोपर्यंत बरं होतं. यंत्र बंद पडतं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीसाठी सगळे शेळगावला. दुपारी आबा अचानक म्हणाले, "दादासो, तुमच्या कालिजात त्यो कम्पुटर आलाय म्हनं."

"आला आहे."

"त्यात आवाज भरला तर किती वरसं ऱ्हातो?"

मी समजावून सांगितलं. टेपची पट्टी झिजते, सीडी झिजत नाही, त्यामुळे आवाज पुष्कळ वर्षं राहतो. आबा काळजीपूर्वक ऐकत होते.

"मानूस मेला तरी?"

"मेला तरी."

"आन कुनीबी ऐकावं?"

"ज्याला खोलीत शिरू देतील तो."

मग तंबाखू मळायला घेतली. फार बरं वाटलं. एकवीस वर्षांत आबांनी माझ्या कॉलेजाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. हिंदुरावाला हे सगळं काय सांगता आलं असतं?

८ डिसेंबर, मंगळवार

फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती येणार आहे. समिती आली की आदर्श पाठ माझा, हे एकवीस वर्षांत कधी विचारावंसुद्धा लागलं नाही. आज मानसिंगरावांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. बिस्किटंही होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"दादासाहेब, यंदा पाठ स्वरूपाचा. समितीला संगणक दाखवायचाय. पसंत पडला तर तिची जागा कायम होईल. गरजू पोरगी हाय, घरी वडील अंथरुणाला खिळल्यात."

मी म्हणालो, "माझी काहीच हरकत नाही." बाहेर आलो. पायऱ्या उतरताना एक पायरी चुकली.

खरं लिहू? मला त्या पोरीचा हेवा वाटतो. तिच्या वयाचा नाही, किल्लीचा नाही. तिच्यापुढं लोक बोलतात, त्याचा वाटतो. माझ्यापुढं सगळे 'हो सर' म्हणतात आणि गप्प बसतात.

९ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचलं. बावळटपणा आहे, पण खोडत नाही.

१९ डिसेंबर, शनिवार

स्वरूपा स्टाफरूममध्ये आली. "सर, आजोबांचे बत्तीस मुक्काम भरून झाले. पुण्याला जाऊन सीडी करून आणली. एकदा हेडफोन लावून ऐका ना. पाचच मिनिटं."

"मला ऐकू कमी येत नाही."

"तसं नाही सर. तुम्ही ऐकावं असं मला फार वाटतं."

ही तिची तिसरी वेळ. माझी पसंती घ्यायची आणि समितीपुढं म्हणायचं, सरांनी मार्गदर्शन केलं. मी काय दूधखुळा आहे? म्हणालो, "त्या आजोबांचं नाव काय?"

ती घुटमळली. "नाव सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय."

सापडलं! बिननावाचा साक्षीदार.

४ जानेवारी १९९९, सोमवार

चार पानी पत्र प्राचार्यांना दिलं, समितीपुढं ठेवण्याच्या विनंतीसह. मुख्य परिच्छेद इथं उतरवून ठेवतो, कारण जमला आहे:

'सदर पाठाचा संपूर्ण आधार एका अनाम वृद्धाच्या तोंडी सांगण्यावर आहे. ज्यास नाव नाही, शिक्षण नाही, ज्याच्या सांगण्यास कागदाचा आधार नाही, अशा व्यक्तीच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. किंबहुना आपले नाव सांगण्याची ज्यास लाज वाटते, त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा आहे. असे कथन सुशिक्षित वर्गापुढे ठेवल्याने महाविद्यालयाचे हसे होईल.'

'सचोटी' हा शब्द घालण्यापूर्वी जरा थांबलो होतो. पण वाक्याला वजन येत होतं.

७ जानेवारी, गुरुवार

मानसिंगरावांनी पत्र तिला दाखवलं. दुपारी आली. डोळे लाल. मला वाटलं, आता रडेल, भांडेल. तर अगदी हळू म्हणाली, "सर, हे पत्र परत घ्या. माझ्यासाठी नका घेऊ."

"मग कुणासाठी?"

तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि निघून गेली. ही आजकालची पोरं! वर तोंड करून उपकार केल्यासारखं बोलायचं.

विजयमालेला पत्राची नक्कल वाचून दाखवली. ती ओव्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "ते म्हातारं कुणाचं तरी आबाच असेल हो." मी नक्कल घडी करून ठेवली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करतो.

अकरा वाजता समिती खोलीत आली. तिघंजण. अध्यक्ष पुण्याचे, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांच्या फायलीत माझं पत्र वरच होतं. मी मागच्या बाकावर बसलो, तिची फजिती नीट दिसावी म्हणून.

तिनं नकाशा लावला आणि पहिला ठिपका दाबला. टीव्हीतून आधी खरखर आली. मग:

"ह्यो पयला मुक्काम. बारामतीच्या अल्याड..."

दोन शब्दांत कळलं. बापाचा आवाज ओळखायला पाच मिनिटं लागत नाहीत.

पुढच्या दहा मिनिटांतलं सलग काही आठवत नाही. आबा टीव्हीतून बोलत होते आणि साठ पोरं गप्प बसून ऐकत होती. कुठल्या गावची विहीर गोडी, कुठल्या पाटलाचं कुत्रं वाईट, कुठं करवंदीच्या जाळीत वाघरू बसायचं, कुठं मेंढरं बसवली की बाई ताकाचं गाडगं आणून द्यायची. चार माणसांत बसले तरी आबा तीन वाक्यांवर बोलत नाहीत. माझ्याशी तर दोनच. 'कवा आलास' आणि 'यष्टी गाठ'. या पोरीला त्यांनी बत्तीस मुक्काम सांगितले. फेटा बांधून सांगितले. मला आधी लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. अंगभर, तापासारखा.

अध्यक्ष म्हणाले, "घाटाच्या तोंडाशी एक ठिपका आहे. तो दाबा."

स्वरूपा थबकली. "सर, दुसरा दाबू का?"

"का? तोच दाबा."

तिनं एकदा मागं माझ्याकडे पाहिलं आणि दाबला.

"ह्यो भोरच्या म्होरं. घाट चढायच्या आदी. भाताचं खाचर कापून मोकळं झाल्यालं. हितं आमची भागूबाई अडली. आता मेंढरांचा वाडा काय कुनासाठी थांबत न्हाय. म्होरल्यांनी चारा खाल्ला की मागच्यांनी काय खायाचं? संगंची मंडळी म्हनली, बाईला घोड्यावर घाल आन चल. म्या म्हनलं, तुमी व्हा म्होरं. चार दिस आमी दोगंच ऱ्हायलो. खाचराच्या मालकाच्या घरच्या दगडाबाईनं बाळतपान केलं. पर येकट्या मानसाला मेंढरं राखाय येत्यात व्हय? लांडग्यानं अकरा न्हेली. भागूबाई रडाय लागली. म्हनली, अवो, अकरा गेली. म्या म्हनलं, मोजू नगं. येक आलंय न्हवं."

मग एक कोकरू ओरडलं आणि आवाज संपला.

भागूबाई माझी आई. हिंदुराव शेळगावात जन्मला, भर पावसाळ्यात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दाखल्यावरही शेळगावच लिहिलंय. मी कुठं जन्मलो हे मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि मी इतिहासाचा प्राध्यापक, मीही कधी विचारलं नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग माझं पत्र हातात घेतलं. "बाई, पाठ उत्तम आहे. पण इथं एक लेखी आक्षेप आहे आणि तो नियमाला धरून आहे. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर आम्हाला हा पाठ मान्य करता येणार नाही. नाव काय यांचं?"

"सर, मी शब्द दिलाय."

"शब्द दिला म्हणजे?"

"त्यांचा मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे. बाप मेंढक्या म्हणून कळलं तर त्याला कमीपणा येईल, असं ते म्हणाले. नाव घालणार नाही, असं मी त्यांच्या पायाला हात लावून सांगितलंय."

"तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"माहीत आहे सर."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. सहा महिने तिला सगळं ठाऊक होतं. माझे टोमणे, माझं पत्र, 'सचोटी' हा शब्दसुद्धा तिनं गिळला होता.

मी उभा राहिलो. लोक म्हणतील, पश्चात्तापानं उठला. मानसिंगराव तर हुंदके देत तसंच म्हणाले. इथं खोटं लिहीत नाही. मला उठवलं ते हेव्यानंच. माझ्या बापाचं नाव तिला ठाऊक असावं, तिनं ते जिवापाड जपावं, आणि मी परक्यासारखं मागच्या बाकावर बसावं, हे मला सहन झालं नाही.

"त्यांचं नाव तात्याबा," मी म्हणालो. "शेळगावचे."

अध्यक्षांनी वळून पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक? हे पत्र तुमचंच ना?"

"पत्र माझं. बापही माझा. त्या खाचरात आला तो मी."

कुणीतरी पोरगं हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्षांनी पत्र माझ्यापुढं धरलं. मी त्यावर 'परत घेतले' असं लिहून सही केली. स्वरूपा टेबलाला धरून उभी होती, आता मात्र रडत होती. तिची माफी मागायला हवी होती. गेलो, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "आबा तुझ्याशी एवढं कसं बोलले?"

ती म्हणाली, "सर, मी नुसतं 'मग काय झालं?' एवढंच विचारत गेले."

१४ फेब्रुवारी, रविवार

मुद्दाम रविवारीच शेळगावला गेलो. आबा ओट्यावर होते. फेटा नाही, साधी टोपी. मला बघताच म्हणाले, "उभा ऱ्हायलास म्हनं भर सभेत."

"कुणी सांगितलं?"

"बाई सकाळीच यिऊन गेल्या."

हेही आधी तिनंच सांगितलं! वाटेत एसटीत बसून मी चार वाक्यं जुळवत आलो होतो, ती तशीच गिळली. आबा चिडले होते. "नाव कशापायी सांगितलंस? आता तुजी पोरं तुला मेंढक्याचा म्हनतील."

"म्हनू द्या."

'म्हनू' हा शब्द तोंडातून कसा गेला कळलं नाही. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि दुसरी खुर्ची पायानं पुढं सारली. मी बसलो. एसटी गाठायची आठवण त्यांनी केली नाही.

मी विचारलं, "मला निमगावला ठेवलंत आणि हिंदुरावाला संगं नेलंत. का?"

गोठ्याकडं बघत ते म्हणाले, "तुला शिकवायचं व्हतं. त्याच्यात डोस्कं न्हवतं." आणि थोड्या वेळानं, "जाताना वाट निमगाववरनं न्हवती. आडवाट पडायची. तरी दरसाल मेंढरं वळवायचो. शाळंच्या मागं पटांगान व्हतं, तितं बसवायचो. मास्तर वरडायचा, वास येतो म्हनून. खिडकीतनं दिसायचास. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर. पाटी पुसत."

"मला हाक का नाही मारली?"

"मारली आसती तर तू आला आसतास की रं."

मी खाली मान घालून बसलो. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं ओट्यावर रडू नये, समोरून लोक जातात. आबांनी तंबाखूची डबी काढली, पुन्हा आत ठेवली.

"ह्यो मुक्काम बाईंना सांगायचा ऱ्हायलाच," ते म्हणाले. "फुडल्या आयतवारी यायच्यात. भरून टाकतो. तुमच्या पोरांला बरा."

चांगला पाठ झाला असता. मुलांनी गप्प बसून ऐकलं असतं, मीही मागच्या बाकावर बसलो असतो. कायमची राहिली असती ती गोष्ट, झिजली नसती. मीच दिवाळीला समजावून सांगितलं होतं.

"नको आबा," मी म्हणालो. "बत्तीस घेतल्यात तिनं. हा माझ्याजवळ राहू द्या."

आबा हसले. मग म्हणाले, "बरं, न्हाय सांगत."